नोराबाईंना इंग्रज ठरवणाऱ्यांस

प्रथम तारखा, कारण तारखांवाचून केलेली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर. नोराबाई आमच्या रविवारच्या वाचनवर्गात पहिल्यांदा आल्या तो गेल्याच्या आदल्या वर्षीचा नोव्हेंबर, मुलांची वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचा पहिला रविवार. त्या आयर्लंडला परत गेल्या तो त्यानंतरचा जानेवारी, शाळा उघडण्याचा आदला दिवस. त्या वारल्याची बातमी आली गेल्या वर्षीच्या श्रावणात. त्यांना ‘थोर इंग्रज बालसाहित्यिका’ ठरवणारा फलक लागला तो त्याच श्रावणातल्या शेवटच्या रविवारी. आणि मुलांचा मराठी वाचनाचा तास बंद करून त्याच्या जागी, त्यांच्याच नावाने, इंग्रजी कथाकथनाची स्पर्धा जाहीर झाली ती यंदाच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, फोनवरच्या ग्रुपवर, सगळे कामावर जाण्याच्या गडबडीत असताना.

आता जबाबदार व्यक्ती. एक, ‘ओसरी’ वाचनवर्गाचे अध्यक्ष. दोन, सचिवबाई, ज्यांनी फलकाचा मजकूर लिहिला. तीन, उपाध्यक्ष, ज्यांनी तो वाचून छपाईला दिला. चार, कार्यकारिणीतले उरलेले सर्वजण, ज्यांनी तो वाचलाच नाही. नावे मी देत नाही. ज्यांची आहेत ते ओळखतील, आणि न ओळखल्याचे सोंग त्यांनी आणले तर त्यांच्या घरची माणसे ओळखतील.

ओसरी म्हटल्यावर कोणाला ऐसपैस, सारवलेली, थंडगार जागा आठवेल. तसे काही नाही. सिंगापुरातल्या बेडोक भागात आमच्या इमारतीखाली लिफ्टसमोर जी उघडी सिमेंटची जागा आहे, जिला इथे व्हॉइड डेक म्हणतात, तिथे रविवारी सकाळी चटया अंथरून आसपासची मराठी मुले तासभर मराठी पुस्तके वाचत. पलीकडच्या टोकाला चिनी म्हातारे आपल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या आपटत बसलेले असत. कधी एखाद्या मलय कुटुंबातल्या लग्नाचा मांडव पडे आणि मग मुले बिर्याणीच्या वासात वाचत. एवढाच हा कारभार. पण आपली मूठभर माणसे परदेशात एकत्र आली की आधी कार्यकारिणी निवडतात आणि मग काय करायचे ते ठरवतात. ओसरीला अध्यक्ष आहेत, उपाध्यक्ष आहेत, सचिव आहेत, सहसचिव आहेत, आणि सांस्कृतिक समन्वयक नावाचे एक पद आहे, ज्याचे काम मला अद्याप समजलेले नाही. पाऊस असला की पदाधिकारी जास्त आणि मुले कमी, असे रविवारही मी पाहिले आहेत. पुण्याच्या दिवाणी न्यायालयात मी उभे आयुष्य वकिली केली. पक्षकारांपेक्षा वकील जास्त झालेले खटले कसे संपतात, हे मला माहीत आहे.

हे सगळे आता पुन्हा वर येण्याचे कारण म्हणजे पुन्हा तोच हंगाम आला आहे. नोव्हेंबर संपत आला की दुपारी आकाश शिशासारखे होते, घरातली मिठाची बरणी पाणी सोडू लागते, वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस ओलाच राहतो आणि कपाटातल्या माझ्या जुन्या कायद्याच्या पुस्तकांना कुबट वास येतो. मुलांना शाळेची मोठी सुट्टी लागते. लिफ्टमध्ये छत्र्यांचे पाणी, बाहेर गटारांचा घों घों आवाज, आणि बाजारपेठेच्या काचेआड प्लास्टिकच्या सूचिपर्णी झाडांवर कापसाचा बर्फ. बाहेर घामाने सदरा अंगाला चिकटलेला आणि आत हा बर्फ. त्या बर्फाबद्दल मी मॉलच्या व्यवस्थापनाला एकदा पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही. नोराबाईंना ते पत्र मी वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्या गावात नाताळला बर्फ कधी पडलाच नाही. नुसता चिखल. पण चिखल कोण विकत घेईल?”

त्यांची माझी ओळख झाली ती एका वादातून. पावसाची दुपार होती, हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या दुकानांचा सामाईक मांडव, गच्च भरलेले, आणि एका टेबलावर फक्त टिश्यूचे पाकीट. या देशात टेबल अडवण्यासाठी टिश्यूचे पाकीट ठेवतात आणि सुशिक्षित माणसे त्याचा मान राखतात. पाकीट ठेवल्याने ताबा सिद्ध होत नाही, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. मी ते बाजूला सारून माझी नात सई हिला घेऊन बसलो. सई तेव्हा तिसरीत होती. थोड्या वेळाने हातात कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप आणि नारळाचा गोड मुरंबा लावलेल्या काया टोस्टची बशी घेऊन एक उंच, पांढऱ्या केसांची, पावसात निम्मी भिजलेली गोरी बाई समोर येऊन उभी राहिली.

“ते पाकीट माझं आहे,” ती म्हणाली. आमचे सगळे बोलणे इंग्रजीत झाले. मी ते इथे मराठीत देतो आहे.

“पाकीट तुमचं आहे, हे मी नाकारत नाही. टेबल तुमचं आहे, हे सिद्ध व्हायचं आहे.”

“आमच्याकडे कुंपणावर ओला शर्ट वाळत घातला तर त्या कुंपणावरून तीन पिढ्या भांडतात,” बाई म्हणाल्या. “बसू, की वकील बोलावू?”

“वकील बसलेलाच आहे.”

त्या बसल्या. मी सईला विचारले, “आणखी एक टोस्ट घेणार का?” ती म्हणाली, “डोन्ट वॉन्ट.” मी म्हटले, “पाऊस थांबला का ते बघ बरं.” ती वळून पाहत, वाक्याला इथले शेपूट जोडून म्हणाली, “नॉट येट लाह, आजोबा.” बाईंनी कप खाली ठेवला.

“तिला तुमचं सगळं कळतं?”

“सगळं.”

“आणि उत्तर देते ती या भाषेत.”

“इथली सगळीच मुलं देतात.”

“मीही द्यायचे,” त्या म्हणाल्या.

नोराबाईंचे चरित्र मला त्या हंगामात असे तुकड्यातुकड्यांनी, कोपीच्या कपाआड समजले. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मासेमारीवर जगणाऱ्या एका खेड्यात त्यांचा जन्म. घरात आजी आयरिश बोलायची. आयरिश म्हणजे इंग्रजीची बोली नव्हे, गावठी इंग्रजी नव्हे. इंग्रजीहून जुनी आणि तिच्याहून सर्वस्वी निराळी भाषा. फलक लिहिणाऱ्यांनी हे वाक्य कृपा करून पुन्हा वाचावे. आईचा मात्र दंडक होता की मुलांनी उत्तर इंग्रजीतच द्यायचे, कारण पुढे पोटासाठी बोटीत बसून इंग्लंडला किंवा अमेरिकेला जावे लागणार. आजी आयरिशमध्ये विचारी, नात इंग्रजीत उत्तर देई. शेवटच्या आजारपणात आजीने खाटेवरून काहीतरी विचारले. नोराबाईंनी सवयीने इंग्रजीत उत्तर दिले. आजीने मान हलवली. “पाहुण्याशी हलवतात ना, तशी,” नोराबाई म्हणाल्या. “समजलं नाही तरी चालेल, तुम्ही बोलत राहा, अशी.”

पुढे त्या डब्लिनला प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या. आजीची भाषा तिथे परीक्षेचा विषय होती आणि मुले तिचा राग करीत, कारण पाठ्यपुस्तकात शिक्षा भोगल्यासारखी वाक्ये असत. म्हणून त्यांनी वर्गासाठी गोष्टी लिहायला सुरुवात केली, आयरिशमध्ये. पहिले पुस्तक दीपस्तंभात राहणाऱ्या एका कोंबडीचे. त्या कोंबडीला वाटते की वरचा मोठा दिवा हे अंडे आहे आणि ते उबवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.

मी बालसाहित्याचा चाहता नाही. बोलणारे प्राणी मुलांच्या हाती दिले की मोठ्या माणसांना बोलण्यातून सुट्टी मिळते, असे माझे निरीक्षण आहे. ती कोंबडी वाचून मी नोराबाईंना म्हटले, “ही मूर्ख आहे.” त्या म्हणाल्या, “आहेच. पण दिवा विझू देत नाही.” हे उत्तर मी इथे नोंदवतो.

कोंबडीचे पुस्तक आयरिशमध्ये फारसे कोणी घेतले नाही. मग ते इंग्रजीत आले आणि कोंबडी जगभर गेली. खेळणी निघाली, दुधाच्या पेल्यांवर तिचे चित्र आले. पुस्तक मुळात कोणत्या भाषेत लिहिले होते ते मुखपृष्ठावरून आधी आत गेले, मग आतून नाहीसे झाले. परदेशी सभांमध्ये निवेदक त्यांची ओळख ‘इंग्लंडच्या लाडक्या लेखिका’ अशी करून देत, आणि दर वेळी त्या टाळ्या थांबण्याआधी उठून ती दुरुस्त करीत. दर वेळी. निवेदक हसत, श्रोते हसत. त्यांनाही यात गंमत वाटते, असा लोकांचा समज होई. एका माणसाची अख्खी कारकीर्द एकच चूक सुधारण्यात जाऊ शकते, हे मी न्यायालयातही पाहिले होते. फक्त तिथे निदान समोरच्याला नोटीस काढता येते.

निवृत्तीनंतर त्या इथे आल्या त्या भाचीकडे काही महिने राहायला. भाचीचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, म्हणजे कुंपणाआडच्या श्रीमंत वसाहतीत. तिथे पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती, आणि दिवसभर बोलायला एकही माणूस नव्हते. म्हणून त्या बसने शहर ओलांडून बेडोकला येत. “तुमच्याकडे निदान लोक एकमेकांच्या टेबलावर बसतात,” असे त्या म्हणत. आमच्या रविवारच्या वर्गाबद्दल सईने त्यांना सांगितले. “मी येऊ का?” असे त्यांनी मला विचारले नाही. सईला विचारले. सई म्हणाली, “कॅन.”

त्या पहिल्या रविवारी मुलांनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती दूर केली आणि चटईवर बसल्या. गुडघे वाजले, मुले हसली. मग त्यांनी घोषणा केली की पुढचा तासभर मला इंग्रजी येत नाही. बस. ज्याला मला काही सांगायचे असेल त्याने मराठीत सांगावे, हातवारे करावेत, चित्र काढावे. शिकवायला आलेली बाई विद्यार्थी होऊन बसल्यावर मुलांची मोठी पंचाईत झाली. आजवर मराठी ही त्यांना विचारली जाणारी गोष्ट होती. आता ती त्यांना द्यायची होती. एक मुलगा कासवाचे चित्र दाखवून त्यांना “कासव, कासव” असे ओरडून सांगत होता, जणू मोठ्याने बोलल्याने भाषा कळते. हे इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनच तो शिकला असावा.

“येसला काय म्हणता?” त्यांनी खुणेने आणि मग हळूच, नियम मोडून, सईच्या कानात विचारले. सई म्हणाली, “हो.” त्यांनी ते हातावर लिहिले. तेवढ्यात एक मुलगा उशिरा आला. मी विचारले, “नाश्ता करून आलास का?” तो म्हणाला, “आलो.” पाठोपाठ एका आईने लांबून मुलीला विचारले, “पाणी प्यायलीस?” मुलगी म्हणाली, “प्यायले.” नोराबाईंनी हात वर केला. हो कुठे गेले?

हो गेले नव्हते. आपण घरात ते फारसे वापरत नाही, एवढेच. जेवलास? जेवलो. येतेस? येते. कळले? कळले. साठ-सत्तर वर्षे मी ही भाषा बोलत आलो, पण हे कधी माझ्या लक्षात आले नव्हते. नोराबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांच्या आजीच्या भाषेत हो आणि नाही यांच्यासाठी शब्दच नाहीत. प्रश्नातले क्रियापद उचलायचे आणि तेच उत्तरात परत द्यायचे. “येस म्हटलं की माणूस सुटतो,” त्या मला नंतर म्हणाल्या. “क्रियापद परत द्यायचं म्हणजे आपण नक्की काय कबूल करतो आहोत ते तोंडाने म्हणावं लागतं.” माझे आयुष्य साक्षीदारांना “हो की नाही एवढंच सांगा” असे दरडावण्यात गेले.

पुढचे सगळे रविवार हो-नाहीला बंदी होती. येस, नो, या, ओके यांनाही. मुलांनी हा खेळ डोक्यावर घेतला. “गृहपाठ झाला?” “झाला.” “खरंच झाला?” “होतोय.” “सुरू केलास?” “करेन.” असा कबुलीजबाब कोणत्याही फौजदारी वकिलाला घेता आला नसता. आणखी एक शोध लागला. आपण भूक ‘लागली’ म्हणतो. आयरिशमध्ये भूक माणसा‘वर’ असते. दोन्हीकडे ती बाहेरून येते आणि चिकटते. इंग्रजीत मात्र माणूसच भुकेला होऊन बसतो. हे कळल्यावर एक मुलगा आईला म्हणाला, “मम्मी, माझ्यावर भूक आहे,” आणि आईने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याला काही पाजले होते.

सिंगापुरी इंग्रजीबद्दल माझे मत वाईट आहे आणि ते मी घरी वारंवार मांडले आहे. त्या डिसेंबरात एका रविवारी सईने ते माझ्यावर उलटवले. “आंटी, इथेपण सेमच आहे. कॅन ऑर नॉट? आपण येस नाही म्हणत. कॅन म्हणतो. हॅव ऑर नॉट? हॅव.” नोराबाई पोट धरून हसल्या. मला म्हणाल्या, “वकीलसाहेब, तुमची केस गेली.” पलीकडच्या चिनी म्हाताऱ्यांनीही सोंगट्यांवरून मान वर केली. त्या सकाळी बाहेर पावसाची झड अशी तिरपी होती की चटयांच्या कडा भिजत होत्या, आणि कोणी मूल उठायला तयार नव्हते.

या संपूर्ण हंगामात अध्यक्ष आले ते फोटो काढण्यापुरते. परदेशी पाहुण्या मधोमध, मुले भोवती, अध्यक्ष एका गुडघ्यावर. मग ते गेले, कारण त्यांना ब्रंच होता.

जानेवारीत शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी नोराबाई निरोप घ्यायला आल्या. भाषण झाले नाही. कार्यकारिणी गावी गेलेली होती, त्यामुळे ते टळले. त्यांनी सईला मराठीत विचारले, “मी परत येऊ?” सई म्हणाली, “या.” त्या आल्या नाहीत. श्रावणात भाचीचा निरोप आला, आणि मागोमाग त्यांची पुस्तके आली, आयरिशमधली, वर्गासाठी. ती आमच्यापैकी कोणालाही वाचता येत नाहीत. मुले त्यातली चित्रे पाहून कोंबडीला मराठी बोलायला लावीत.

आता फलक. श्रद्धांजलीच्या सभेला मी खाली गेलो तर व्हॉइड डेकच्या दोन खांबांच्या मध्ये तो झळकत होता. “थोर इंग्रज बालसाहित्यिका नोराबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.” खाली कार्यकारिणीची नावे, पदांसह, नोराबाईंच्या नावापेक्षा जाड ठशात.

सचिवबाई हसत पुढे आल्या. “काका, कसा वाटला बॅनर?”

“खोटा वाटला.”

“म्हणजे, फॉन्ट का?”

“फॉन्ट नव्हे. राष्ट्रीयत्व.”

त्यांनी फलकाकडे पाहिले, मला कळेना त्यांना काय दिसले. तेवढ्यात अध्यक्ष आले. “काका, आयर्लंड, इंग्लंड, तिकडं सगळं एकच ना. फार तर पासपोर्ट वेगळे असतील.”

“तुम्हाला ऑफिसात कोणी हैदराबादचे म्हणाले, तर तुम्ही दुरुस्त करता की नाही?”

“करतोच. पण ते वेगळं.”

“वेगळे कसे?”

“कारण मी पुण्याचा आहे, काका.”

या उत्तरातली भव्यता त्यांच्या लक्षात आली नाही. मी वर जाऊन फलकाच्या रंगाचा कागद शोधला. त्यावर सईने जाड पेनने ‘आयरिश’ असे लिहिले, सुबक, शिरोरेघ सरळ. ‘इंग्रज’ या शब्दावर ते बरोबर बसत होते. मी ते चिकटवले. सभा सुरू होण्याआधी उपाध्यक्षांनी ते काढून टाकले. “काका, राग मानू नका, फोटोत ठिगळ दिसेल.” सई शेजारीच उभी होती. तो कागद उपाध्यक्षांनी गोळा करून खिशात ठेवला, निदान कचऱ्यात टाकला नाही. एवढा सभ्यपणा त्यांच्या नावावर जमा असो.

ज्या बाईने हयातभर एका शब्दाची दुरुस्ती केली, तिच्या मृत्यूनंतर तो शब्द तिच्या डोक्यावर टांगला गेला, आणि तोही कोणाकडून? ज्यांच्या स्वतःच्या पणजोबांना त्याच राज्यकर्त्यांचा जाच होता त्यांच्याकडून. गोरी बाई दिसली की आपली माणसे तिला इंग्रज करून टाकतात. ही चूक एखाद्या जपानी माणसाने केली असती तर मी समजू शकलो असतो.

तरीही फलकावर मी थांबलो असतो. फलक काढून गुंडाळला जातो. पण खोटे कागदावर चढले की पुढे ते आधार म्हणून वापरले जाते, हे प्रत्येक वकिलाला ठाऊक असते. यंदाच्या दिवाळीनंतर ग्रुपवर जाहीर झाले की रविवारचा मराठी वाचनाचा तास ‘प्रतिसादाअभावी’ स्थगित करण्यात येत असून, त्या वेळेत नोराबाईंच्या स्मरणार्थ इंग्रजी कथाकथनाची स्पर्धा आणि तिची तयारी घेतली जाईल. नियम पहिला: कथा इंग्रजीतच असावी. मी अध्यक्षांना लिफ्टमध्ये गाठले.

“काका, प्रॅक्टिकली बघा,” ते म्हणाले. “मराठीला पालकांना व्हॅल्यू दिसत नाही. इंग्लिश ठेवलं की दुसरी मुलंही येतील, रीच वाढेल. आणि मॅडमच्या नावाला शोभेल असंच ना. त्या इंग्लिश रायटरच होत्या.”

“कोणी सांगितले?”

“बॅनरवरच होतं, काका.”

लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली आणि ते बाहेर पडले.

यानंतर मी कार्यकारिणीला रीतसर पत्रे लिहिली. ठराव कोणत्या सभेत झाला, गणसंख्या होती का, प्रतिसाद नसल्याचे कोणी मोजले, मुलांपैकी एकाला तरी विचारले का. प्रत्येक पत्राला उत्तर आले: जोडलेल्या दोन हातांचे चित्र. एकदा त्याच्या जोडीला एक फूल होते. नमस्कार हे उत्तर नव्हे. नमस्कार करून लोक घराबाहेरही काढतात.

माझा मुलगा म्हणाला, “बाबा, ग्रुपवर एवढं मोठं पत्र कोण वाचतं?” सूनबाई म्हणाली, “बाबा, आम्हाला याच लोकांत राहायचंय. अध्यक्षांची बायको माझ्याच टीममध्ये आहे. जरा सबुरीनं घ्या ना.” तिची अडचण खरी आहे आणि मी ती तुच्छ मानत नाही. या देशात नोकरीचा पास, म्हणजे सरकारी परवाना, असतो तोवर घर असते, आणि आपली चार माणसे हीच नात्यातली माणसे. म्हणून मी हे घरातल्या कोणाच्या वतीने लिहीत नाही. मी पाहुण्यांच्या पासावर राहणारा, सेवानिवृत्त, कोणाच्याही टीममध्ये नसलेला माणूस आहे. माझे कोणी काही बिघडवू शकत नाही.

सई आता पाचवीत आहे. गेली दोन वर्षे ती घरात मराठी बोलते, चुका करत, मध्ये ‘लाह’ घालत, पण बोलते. भाषा अशी रविवारच्या एका तासावर उभी असते, याची मला लाज वाटते. पण सध्या ती तशीच उभी आहे. परवा सकाळी पाऊस उघडला होता. ती चपला घालून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, “आजोबा, या रविवारी वर्ग आहे का?”

मी तिला सांगितले की मला ठाऊक नाही. ती म्हणाली, “मग कोणाला ठाऊक आहे?”

अध्यक्ष महोदय, प्रश्न तुमच्याकडे वर्ग करीत आहे. स्पर्धेच्या दिवशी मुले बसलेली असतील, पालक उभे असतील, आणि माइक तुमच्याच हातात असेल. पहिल्या स्पर्धकाला बोलावण्याआधी सईला नावाने हाक मारा आणि त्या सगळ्यांसमोर, मराठीत, तिला सांगा की तिचा वर्ग तुम्ही कोणत्या अधिकाराने बंद केलात आणि तो पुन्हा कधी भरणार आहे. हात जोडू नका. बोला.